डाव्या हाताचा गोल

दीक्षितपुरा, जबलपूर
२८ सप्टेंबर १९६९

शकुताई,

मी अच्युत. अक्षरावरून ओळखलंच असशील, ते सुधारलेलं नाही. पत्ता भाऊजींच्या जुन्या वर्कशॉपातल्या एका माणसानं दिला. त्याला रांझीच्या बसस्टॉपवर गाठला. त्यानं आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग म्हणाला, अब याद आई बहन की? मी म्हटलं, मी स्वतःच चार वर्षं गावात नव्हतो. त्याला ते काही पटलं नाही, पण पत्ता दिला. मद्रासजवळ, फॅक्टरीचं क्वार्टर. तिकडं भात आणि ऊन एवढंच असतं म्हणाला.

मी जुलैत परत आलो. मधे काय काय केलं ते सांगत बसलो तर कागद पुरायचा नाही. नागपूर रोडला ट्रकवर क्लीनर होतो, मग इटारसीत एका फोटोवाल्याकडं, मग भेडाघाटला संगमरवराच्या वस्तू विकल्या. तिथं एक म्हातारा दिवसभर हत्तीच कोरतो. मी विचारलं, बाबा, घोडा काहून नाही करत? तर म्हणाला, घोड्याचे पाय तुटतात. ते डोक्यात राहून गेलं. असो.

पत्राचं कारण आई. तिचं बरं आहे. डोळ्यांना जरा कमी दिसतं, वयानं होतंच. मंडळाच्या हस्तकला स्पर्धेत लेस अजून तीच तपासते. यंदा स्पर्धा २६ ऑक्टोबरला आहे, कोजागिरी झाल्यावरचा रविवार. प्रमोदिनीबाई आता मंडळाच्या सचिव आहेत आणि दुसऱ्या परीक्षक म्हणून आईशेजारी बसतात. त्यांनी बाबांना सांगितलं की पुढच्या वर्षापासून भानुमतीबाईंना आराम द्यावा. बाबा हो म्हणाले. आईला कोणी विचारलं नाही. म्हणजे हे तिचं शेवटचं.

मी तिला म्हटलं, सोड ना यंदाच, कशाला त्रास. ती तांदूळ निवडत होती. (निवडत म्हणजे हातानं चाचपडत.) खाली मान घालूनच म्हणाली, "एखाद्या वर्षी तिचा रुमाल येईल." झालं. 

तर तू एक रुमाल विणून पाठव. किंवा ये. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण यंदा. कोणाच्याही नावावर पाठव, टेबलावर नावं नसतातच, नुसत्या नंबरच्या चिठ्ठ्या असतात. ती ओळखेल. आठवतं ना, तुला ती समोरच्या पाटावर बसवायची. तू डावखुरी, ती उजवी, त्यामुळं समोरासमोर बसलात की आरशासारखं जुळायचं. जेवायला उजवा हात, लिहायला उजवा, त्यापायी तू फटके पण खाल्लेस. क्रोशाच्या सुईला तेवढी डाव्याची सूट होती. मी मधे दोऱ्याचा गुंडा धरून बसायचो आणि तो पलंगाखाली घालवायचो. तुझे गोल उलटे फिरतात हे मला तेव्हा कळत नव्हतं. आई म्हणते डोळे मिटून कळतं, सगळ्यांचे खांब, म्हणजे उभे टाके, एकीकडं कललेले असतात आणि तुझे दुसरीकडं.

पोस्टाला सात-आठ दिवस लागतात म्हणे. हिशेब करून टाक.

अच्युत


जबलपूर
१२ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर नाही. पाकीट परत पण आलं नाही, म्हणजे पोचलं.

मागच्या वेळी डोळ्यांचं मी कमी करून लिहिलं होतं. काचबिंदू आहे. सिविल लाइंसमधल्या डॉक्टरकडं घेऊन गेलो होतो. जे गेलं ते येत नाही म्हणाले, राहिलेलं किती टिकेल तेही सांगता येत नाही. तिला मधलं तेवढं थोडं दिसतं, नळीतून पाहावं तसं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, औषध दिलंय. ती म्हणाली, अच्छा. मग आम्ही रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं हँडलला कागदी फुलं बांधली होती, आणि तो सगळ्या रस्त्यानं सांगत होता की त्याच्या मेहुण्याला रेल्वेत लावून देतो म्हणून कोणीतरी कसं फसवलं. मी ऐकत राहिलो. आई पण ऐकत होती असं वाटतं.

आता त्या जुन्या रुमालाचं. तू लग्नानंतर पहिल्याच वर्षी रांझीहून कोणाच्या तरी हातानं पाठवला होतास तो, अननसाच्या नक्षीचा. तो बाद झाला एवढंच तुझ्यापर्यंत पोचलं असणार. बसस्टॉपवरचा माणूस म्हणत होता, उसके बाद दीदी ने शहर की तरफ देखा ही नहीं. तुम्ही रांझीत आणखी तीन वर्षं होता आणि इथून तिथं बस जाते.

मी तेव्हा मंडळात होतो, मला दिसलं ते सांगतो. त्याच्या महिनाभर आधी बाबांनी तुझ्या लग्नाच्या रागात मंडळात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की आमच्या घरात एकच मूल आहे, मुलगा. स्पर्धेच्या दिवशी आईनं तुझा रुमाल उचलला, पाठ पाहिली, पोट पाहिलं आणि बाजूला ठेवला. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, अहो हा तर पहिला येईल. आई म्हणाली, परीक्षकाच्या घरातली वस्तू स्पर्धेत चालत नाही. चिठ्ठीवर तेच लिहायला लावलं: बाद, परीक्षकाच्या घरातली. चार लोकांसमोर. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

मला तेव्हा वाटलं होतं की तुझा नंबर गेला. आता वेगळं वाटतं. तू काय ते ठरव.

रुमाल अजून निघाला नसेल तर आता पोस्टानं पोचणार नाही. कोणी येत असेल तर हातानं पाठव. मद्रासची जी.टी. एक्सप्रेस जबलपूरला येत नाही, इटारसीला बदलावं लागतं. मला तिथले सगळे प्लॅटफॉर्म पाठ आहेत. घ्यायला येतो.

अच्युत


जबलपूर
२७ ऑक्टोबर

ताई,

काल स्पर्धा झाली.

मी आईच्या उजवीकडं बसलो होतो, रंग सांगायला. तिची पद्धत तीच आहे. वस्तू आली की आधी उलटी करायची, गाठी कुठं लपवल्यात ते बघायचं, मग काळ्या कापडावर पसरायची, मग चिमटीत धरून हलकेच ओढायची. एक रुमाल इतका कडक होता की टेबलावर टक्कन वाजला. साबुदाण्याची खळ. आई म्हणाली, हा विणलाय की लाटलाय? प्रमोदिनीबाई पण हसल्या. तोवर सगळं ठीक चाललं होतं.

मग एक आला, वीतभर, गोल. तिचा हात त्यावर थांबला. कडेपासून मधोमध बोट नेलं, परत कडेला आणलं. मला रंग विचारला. मी म्हटलं, पांढरा, काठ फिकट निळा. तिनं तो उलटा केलाच नाही. पाठ बघितलीच नाही, ताई. तसाच बाजूला ठेवला आणि म्हणाली,

"हा आमच्या घरातला आहे. नियमानं बाद करा."

प्रमोदिनीबाईंनी बाबांकडं पाहिलं. बाबा माईकपाशी होते. ते वळले आणि मागच्या खुर्च्या मिटवायला लागले. लोक अजून यायचे होते तरी.

मी दाराकडं पाहिलं. मला वाटलं तू बाहेर उभी असशील. दारात चपला होत्या आणि एक पोरगी उठून पुढं येत होती. एकोणीस-वीसची असेल, दोन वेण्या. ती टेबलाशी आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काकू, तो माझा आहे. मी रांझीची, पुंडलिक हेडाऊंची अंजनी. माझ्या घरात तर तुम्ही कोणी नाही."

मागं कोणीतरी हसलं. प्रमोदिनीबाई घाईनं म्हणाल्या की उजेड कमी आहे, ट्यूबलाइट बदलायची राहिलीच. आईनं हात पुढं केला, बहुतेक त्या पोरीचा हात धरायला, पण तिला वाटलं रुमाल परत घे म्हणून राहिल्या. तिनं रुमाल उचलला, घडी केली, पर्समधे टाकला. म्हणाली, राहू द्या, मला बस आहे. आणि गेली.

लेसचा पहिला नंबर दुसऱ्याच कोणाला दिला. शेवटी आईला शाल आणि नारळ दिला. प्रमोदिनीबाई तिच्या सेवेबद्दल चांगलं बोलल्या, खरंच चांगलं बोलल्या. आई स्टेजवर उभी होती आणि माईक भलत्याच बाजूला समजून तिकडं तोंड करून नमस्कार केला. बाबांनी तिचा खांदा धरून वळवलं.

घरी येताना नारळ मीच धरला होता, त्याची शेंडी मोजत आलो, म्हणजे मोजण्यासारखं काही नसतं तिच्यात, तरी. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली की माझी बोटं चुकली नाहीत. मग झोपायच्या आधी मला हाक मारली.

"रांझीला जा. ती पोरगी सुई कोणत्या हातात धरते ते बघून ये."

जाईन म्हटलं. तू काही पाठवलं नाहीस हे मला आता माहीत आहे. तिला अजून माहीत नाही, किंवा ती मानत नाही.

अच्युत


जबलपूर
३ नोव्हेंबर

ताई,

परवा रांझीला गेलो. सायकलनं गेलो, म्हणजे शेजारच्या शशिकांतची मागून घेतली आणि वाटेत पंक्चर झाली. पंक्चरवाल्याकडं एक पोपट होता, तो "पाना दे" म्हणतो. अर्धा तास तिथंच गेला. पोचलो तेव्हा फॅक्टरी सुटली होती, रस्ताभर सायकली आणि मोटरसायकली, आणि मला उलट्या दिशेनं जायचं होतं.

हेडाऊंचं क्वार्टर विचारत विचारत सापडलं. अंजनीनं दार उघडलं आणि म्हणाली, आता काय बाद करायचं राहिलं? मी सांगितलं की मी त्या काकूंचा मुलगा, आईला फार कमी दिसतं, तिनं माफी मागितलेली नाही पण मला पाठवलंय. ती म्हणाली, हे तरी खरं बोललात. मग आत बोलावलं. तिचे बाबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, चहा टाक.

मी बघत बसलो. भांडं उजव्या हातानं उचललं. साखर उजव्या हातानं. चहा गाळला उजव्या हातानं. भावाच्या वहीवर काहीतरी लिहून दिलं, उजव्या हातानं. मला वाटलं आईची बोटं चुकलीच शेवटी. रिकाम्या हातानं काय बसायचं म्हणून तिनं पेटी ओढून विणकाम काढलं. सुई डाव्या हातात.

मी विचारलं, अशी काहून? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "सुई डाव्यातच धरतात ना? शकुदीदी तशीच धरायची."

मग तिनं दारातूनच हाक मारून शेजारच्या दोघींना दाखवायला बोलावलं. त्या पण उजव्या हाताच्या आणि सुई डाव्या हातात. तू संध्याकाळी ओट्यावर बसायचीस आणि या चार-पाच पोरी तुझ्या बाजूला रांगेत, तुझ्याकडं बघून बघून. तुम्ही गेल्यावर एक जण शिवणकामाच्या वर्गात गेली तर तिथल्या बाई ओरडल्या, ही काय उलटी गंगा. तिनं बाईंना सांगितलं की हमारी लाइन में सब ऐसे ही करते हैं. ते सांगताना त्या तिघी हसत होत्या. मी पण हसलो थोडा.

तिची सुई मी हातात घेऊन पाहिली. स्टीलची, मागचं टोक वाकलेलं. ते मी वाकवलंय, कपाटाचं कुलूप उघडताना, आठवत असेल. आईनं तुला दिलेली ती. अंजनी म्हणाली, जाताना दीदीनं दिली, म्हणाली मला आता लागणार नाही. मग विचारलं, परत पाहिजे का? मी म्हटलं, ठेव.

निघताना तिनं रुमाल माझ्या हातात दिला. म्हणाली, काकूंना म्हणा पाठ बघा आणि माझा नंबर कितवा आला असता ते सांगा. बाद नको, नंबर सांगा.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. रुमाल माझ्या पिशवीत आहे.

अच्युत


जबलपूर
१३ नोव्हेंबर

ताई,

दिवाळी झाली. भाऊबीजेला आईनं मला पाटावर बसवलं आणि स्वतःच ओवाळलं, समोर पाट रिकामा नको म्हणून. बाबा पेपर वाचत होते. अनारसे फसले, त्यात कोणाचाच दोष नाही, पीठच तसं होतं.

त्याच दुपारी मी तिला रुमाल दिला. तिनं लगेच उलटा केला. गाठी शोधल्या, सापडल्या नाहीत. खूप वेळ घेतला. मग म्हणाली, पहिला. जाऊन सांग तिला, पहिला आला असता, मी चुकले. मंडळाची शाल पण तिला नेऊन दे, मी ती पांघरणार नाही. (दिली. अंजनी म्हणाली, शाल नको होती, पण ठेवून घेतली.)

मग तिनं विचारलं, सुई कोणत्या हातात?

"डाव्या."

"जेवते?"

"उजव्या. सगळ्याच उजव्या हाताच्या आहेत. शकुताईनं शिकवलंय त्यांना. ओळभर पोरी."

बाबांनी पेपरचं पान उलटलं नाही. बराच वेळ तेच पान होतं.

आई म्हणाली, "चुकीचं शिकवलं. उजव्या हाताच्या पोरींना समोर बसवायला पाहिजे होतं." परीक्षक बोलावा तशी बोलली, एखाद्या वस्तूचा दोष सांगते तशी. मग रुमालावरून बोट फिरवत राहिली, उलट्या बाजूनं, तुझ्या बाजूनं. आणि विचारलं, "बाजूला बसवायची?"

मी म्हटलं, हो, ओट्यावर, अगदी लागून.

मी सुईचं पण सांगून टाकलं, ठेवून काय करायचं होतं. जाताना तू सुई देऊन गेलीस, लागणार नाही म्हणालीस. तेव्हा तिचा हात थांबला.

"म्हणजे तिच्याकडं सुईच नाही."

बस्स, एवढंच. दर वर्षी ती टेबलावर काय शोधत होती ते तुला माहीत आहे, मी परत लिहीत नाही. रात्री नेहमीसारखी जेवली. मी पण जेवलो. मला वाटलं होतं काहीतरी होईल, रडेल, मला बोल लावेल, पण नाही. भांडी घासायला टाकली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर ती खिडकीशी बसलेली, मांडीवर दोऱ्याचा गुंडा. सुई डाव्या हातात. सारखी सुटत होती. इतकी वर्षं दुसऱ्यांचे टाके तपासले त्या बाईला साधी साखळी येईना. मी म्हटलं, आई, हे काय करून राहिली? म्हणाली, बघून राहिले. मी समोर बसायला लागलो तर म्हणाली, समोर नको, इकडं बस. मग मी तिच्या बाजूला बसलो, गुंडा धरून. दोन दिवस हेच चाललंय. मला भेडाघाटला परत जायचं होतं, म्हाताऱ्यानं पॉलिशच्या कामाला बोलावलंय, पण अजून गेलो नाही.

वीतभर झालीय साखळी. काही टाके ढगळ, काही इतके घट्ट की त्यात परत सुई जायची नाही. एका जागी तर तिनं चुकून उजव्या हातानं दोन टाके घातले, ते लगेच कळतात. तिला म्हटलं, उसवून देऊ का? नको म्हणाली. तसंच पाठव.

म्हणून हे पार्सल. पत्ता बाबांनी लिहून दिला, माझं इंग्रजी अक्षर पोस्टमन वाचू शकत नाही म्हणाले. तुझं पूर्ण नाव लिहिलंय त्यांनी, भाऊजींच्या नावासकट. लिहून झाल्यावर पेनाचं टोपण बराच वेळ शोधत होते, ते त्यांच्या हातातच होतं.

आईचा निरोप असा आहे: याला नंबर तू दे. पाठ आधी बघ.

सुई तिची स्वतःची आहे, आता घरात दुसरी नाही. साखळी बंद केलेली नाही, शेवटचा फास सुईवरच आहे. निघून येऊ नये म्हणून मी टोकाला बूच लावलंय. काढताना सांभाळून काढ. सैल टोक ओढलं गेलं तर सगळी उसवते.

अच्युत